मोठी बॅटरी ७४ टक्के भरलेली, गाडी मात्र बंद : १४ महिन्यांचा अनुभव

विजेवर चालणारी माझी गाडी १४ महिन्यांत १८,६०० किलोमीटर धावली आहे, आणि गेल्या दिवाळीपर्यंत तिच्याविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला मी चांगलेच सांगत आलो. दिवाळीत आम्ही ११ दिवस बाहेरगावी होतो. परतल्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आईला डॉक्टरांकडे साताऱ्याला न्यायचे म्हणून सोसायटीच्या तळघरात गेलो, तर गाडी किल्लीला दादच देईना. जाण्यापूर्वी बॅटरी ७४ टक्के होती. एवढ्यात सातारा गाठून बरेच चार्जिंग शिल्लक राहिले असते. किल्लीतल्या धातूच्या पात्याने दार उघडले, पण आत एकही दिवा लागला नाही.

बंद पडली होती ती बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी. विजेच्या गाडीत तिचे काय काम, असा प्रश्न मलाही तोवर पडला नव्हता. गाडी बंद असताना सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी बाकीच्या यंत्रणेपासून रिलेने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचने, तोडलेली असते, आणि ते रिले जोडायला लागणारी वीज छोट्या बॅटरीतून येते. दारांची कुलुपे, संगणक आणि पार्किंग ब्रेक हेही तिच्यावरच चालतात. त्यामुळे ती संपली की ४० युनिटचा साठा असूनही त्यातला थेंबभर वापरता येत नाही, आणि ब्रेक सुटत नसल्याने गाडी ढकलून बाहेरही काढता येत नाही.

रस्त्यावरील मदत सेवेचा माणूस दीड तासाने आला. गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच, न्यावी लागेल असे तो म्हणाला, आणि आमच्या तळघराची उंची पाहून फ्लॅटबेड आत येणार नाही असेही त्यानेच सांगितले. शेवटी शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला विचारू का?” गॅरेजवाल्याने एक भरलेली बॅटरी आणून तारा जोडल्या, पडदा उजळला आणि गाडी सुरू झाली. एकदा गाडी सुरू झाली की मोठी बॅटरीच छोटीला भरू लागते. मात्र तोवर दहा वाजून गेले होते आणि आईची वेळ चुकली होती.

छोटी बॅटरी पूर्ण रिकामी झाल्याने खराब झाली होती. सर्व्हिस सेंटरने ती वॉरंटीत बदलण्यास नकार दिला, कारण मी कंपनीबाहेर डॅशकॅम (काचेमागून रस्ता टिपणारा कॅमेरा) बसवून घेतला होता. मी दोनदा लेखी तक्रार केली, व्यवस्थापकांशी वादही घातला, आणि अखेरीस ५,८०० रुपये भरून घरी आलो. त्या रात्री हे सगळे निर्मात्याच्या माथी मारणारा मजकूर मी लिहून ठेवला होता.

तो मजकूर मी पुढे पाठवला नाही, कारण नंतर मल्टिमीटर आणून स्वतः मोजमाप केले. गाडी उभी असतानाही चालू राहणारा माझा डॅशकॅम साधारण पाव अँपिअर घेत होता, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. छोटी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे ती सहा दिवसांतच संपणार होती. डॅशकॅम काढून आठवडाभर गाडी उभी ठेवली, तेव्हा व्होल्टेज १२.७ वरून फक्त १२.५ वर आले. सर्व्हिस सेंटरचे म्हणणे चूक नव्हते, हे मला मान्य करावे लागते.

तरीही मोठी बॅटरी भरलेली असताना छोटी संपू द्यावी, ही माझी मूळ तक्रार कायम आहे. १२ व्होल्ट आणि ३५ अँपिअर-तास म्हणजे जेमतेम ०.४२ युनिट, मोठ्या बॅटरीचा सुमारे शंभरावा हिस्सा. काही गाड्या उभ्या असतानाही छोट्या बॅटरीवर लक्ष ठेवतात आणि ती उतरली की मोठीतून आपोआप भरून घेतात. माझ्या गाडीत ही सोय नाही. खरेदीच्या वेळी मी पाच शोरूम पालथे घातले; सनरूफ, पडद्याची लांबी, स्पीकरची संख्या सगळे पारखले, पण हा एक प्रश्न विचारला नाही. सनरूफचे पैसे मोजलेले मला आज खरोखर सलतात, कारण पुण्याच्या उन्हात मी ते चारदाही उघडलेले नाही.

ज्या पल्ल्याची सर्वाधिक चिंता केली, त्याने त्रास दिला नाही. महामार्गावर ताशी ८० ला युनिटमागे साडेसहा किलोमीटर मिळतात, १०० ला साडेपाच. वेग सांभाळला की हिशेब जुळतो. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला तीन युनिटच्या आसपास भरतात आणि रात्रभरात रोजची गरज भागते, त्यामुळे गाडीतच बसवलेल्या ७.२ किलोवॉटच्या चार्जरसाठी दिलेले जादा पैसे वाया गेले असे मी वर्षभर म्हणत होतो. पण कराडला मेहुण्यांकडे त्या चार्जरला पुरी पडणारी ३२ अँपिअरची जोडणी आहे. तिथे दुपारच्या मुक्कामातच निम्मी बॅटरी भरली आणि माझे मत बदलले.

धाकटी बहीण आता अशीच गाडी घेते आहे. तिला मी फक्त दोन प्रश्न लिहून दिले : उभी असताना गाडी छोटी बॅटरी स्वतः भरते का, आणि फ्लॅटबेड पोहोचू शकत नाही अशा पार्किंगमध्ये मदत सेवा काय करते. पहिल्या शोरूममध्ये उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने माहितीपुस्तिका उघडून संबंधित पान दाखवले, आणि बहिणीने तिथेच सनरूफ नसलेल्या गाडीचे बुकिंग केले.