गावची बी की आफ्रिकेची? काजू कारखान्यासाठी एक तुलना

सिंधुदुर्गात काजूचा लहान कारखाना टाकणाऱ्यापुढचा खरा प्रश्न यंत्रांचा नसून बीचा असतो. मार्च ते मे या काळात आसपासच्या बागायतदारांकडून वर्षभराची बी भरून ठेवावी, की आयातदाराकडून आफ्रिकेची बी लागेल तशी घ्यावी?

गराच्या आकारात तुलनाच नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राच्या ‘वेंगुर्ला ७’ या वाणाची एक बी सुमारे १० ग्रॅमची भरते आणि तिच्यात साधारण ३० टक्के गर निघतो. आफ्रिकेच्या बिया किलोला दोनशेच्या आसपास बसतात. त्यांचा उतारा, म्हणजे बीतून निघणारा गर, ८० किलोच्या पोत्यामागे पौंडांत सांगतात आणि ४८ पौंड म्हणजे जेमतेम २७ टक्के. त्यातून मुख्यतः पौंडाला ३२० बसणारा गर मिळतो. मोठ्या गराला भाव जास्त असतो. अर्थात आपल्याकडची सगळीच बी ‘वेंगुर्ला ७’ नसते. जुन्या गावठी झाडांची बी बारीकच निघते.

भांडवलाच्या बाबतीत मात्र पारडे उलटे झुकते. गावची बी दोन-अडीच महिन्यांत रोखीने घ्यावी लागते, पावसाळ्यापूर्वी कडक वाळवावी लागते आणि कर्जाचे व्याज वर्षभर चालू राहते. टांझानियाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने गावची बी संपल्यावर पडणारा खंड आयातीवर भरून काढता येतो.

तरीही आयातीची स्वस्ताई धोरणांवर टांगलेली आहे. केंद्राने २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरील आयात शुल्क ५ वरून २.५ टक्क्यांवर आणले आणि २०१९ मध्ये तयार गरावरील शुल्क ४५ वरून ७० टक्क्यांवर नेले. या भिंतीचा आडोसा कारखानदाराला मिळाला, बागायतदार उघड्यावरच राहिला. म्हणूनच बीवरील शुल्क वाढवण्याची कोकणातील मागणी मला रास्त वाटते, पण ती मान्य झाली तर आयातीवर बेतलेला तुमचा हिशेब एका दिवसात बदलेल. तिकडे आफ्रिकेतील बेनिननेही प्रक्रिया आपल्याच देशात व्हावी म्हणून एप्रिल २०२४ पासून कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली. म्हणजे जे दिल्ली गराबाबत करते, तेच तो देश बीबाबत करू पाहतो. शिवाय सौदा डॉलरमध्ये होतो आणि डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली.

ज्याचा माल ‘वेंगुर्ला काजू’ या भौगोलिक मानांकनाच्या नावाने विकायचा आहे, त्याला तर पर्यायच नाही. आफ्रिकेचा गर त्या नावाखाली विकणे ही फसवणूक ठरेल. इतरांनी, माझ्या मते, भांडवल पुरेल तितकी गावची बी आधी भरावी आणि दिवाळीनंतर कोठार जितके रिकामे राहील तेवढ्यापुरतीच आयात करावी. आयातीचा सौदा पक्का करण्यापूर्वी वेगवेगळ्या पोत्यांतून किलोभर बिया काढून समोर फोडाव्यात. काळे, किडके आणि पोचट गर बाजूला काढून उरलेला चांगला गर तोलावा आणि भाव त्या वजनावर ठरवावा.