कमरेइतकी परसबाग: स्टँडवरची ग्रो बॅग गोव्यात कितपत चालते?

चार फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर खोल हिरवी एचडीपीई (विणलेल्या जाड प्लास्टिकची) बॅग आणि खाली लोखंडी स्टँड. ‘नातवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी’ असे सांगून हा संच विकतात. वस्तू कामाची आहे, पण एकाच उंचीत सगळे घर बसवायचा दावा खरा नाही.

उभ्याने काम करणाऱ्याला वरची कड जमिनीपासून 80 सेंमीवर हवी. गुडघे दुखणाऱ्यांना स्टुलावर बसून खुरपायचे तर 60 पुरे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 50च्या वर वाफ्यात हात घालून काम करणे अवघड जाते; त्याच्यासाठी स्टँड बाजूला ठेवा आणि बॅग आडव्या चिऱ्यांवर मांडा. व्हीलचेअरसाठी मात्र हा संच चुकीचाच. गुडघे आत जायला जवळपास 70 सेंमी मोकळी जागा लागते, त्यावर फूटभर माती आली की कड मीटरभर वर जाते आणि हात अवघडतो. तिथे 15 सेंमी खोल ट्रे घ्यावा. तांबडी भाजी, मेथी, कोथिंबीर त्यात होते. वांग्याचा नाद सोडावा.

वजनाबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत. बॅगेत सुमारे 225 लिटर मिश्रण मावते आणि भिजल्यावर ते अडीचशे किलोच्या घरात जाते. म्हणजे चौरस मीटरला 300 किलोहून जास्त. वापरातली गच्ची साधारण 150 किलोच्या हिशेबाने बांधलेली असते. तेव्हा हा संच अंगणात, परसात ठेवायचा. फ्लॅटच्या गच्चीवर नको.

भरताना 90 लिटर लाल माती, 70 लिटर कुजलेले शेणखत, 45 लिटर कोकोपीट, 20 लिटर जाड रेती आणि किलोभर निंबोळी पेंड. पाच किलोची कोकोपीटची एक वीट पुरून उरते. ती भिजवून पाणी दोनदा पिळून टाका, नाहीतर त्यातल्या मिठाने रोपांची पानटोके करपतात. पहिल्या पावसानंतर माती दोन-तीन इंच खाली बसते, तेव्हा खताची भर द्यायची.

खरी खोट तळाशी आहे. स्टँडला आडव्या पट्ट्या चारच असतात. भिजलेली बॅग त्यांच्यामधून पोट सोडते आणि निचऱ्याची भोके कडेला, तळापासून इंचभर वर असल्याने पाणी नेमके त्या पोटात साचते. मुळे कुजतात, मिरची उभीच्या उभी माना टाकते आणि माणूस ‘पाणी कमी पडले’ म्हणून आणखी ओततो! भरण्याआधीच पट्ट्यांवर पोफळीच्या चिरफळ्या दोन-दोन बोटांच्या अंतराने आडव्या घाला आणि तळाला दहा-बारा भोके पाडा. सुरीने नको, विणीचे धागे सुटत जातात. तापवलेल्या सळईने पाडली की कडा वितळून बंद होतात.

दुसरी खोट गंजाची. खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साधा रंगवलेला स्टँड आधी वेल्डिंगच्या सांध्यांवर फुगतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपचा महाग पडतो, पण तोच घ्यावा. रंगवलेला घेतलाच असेल तर सांध्यांना झिंक प्रायमर लावा आणि पाय चिऱ्यावर ठेवा, मातीत रुतू देऊ नका.

जून ते सप्टेंबर पालेभाजी उघड्यावर टिकत नाही. सरींनी आडवी होते, खत धुऊन जाते. बांबूच्या कमानींवर पारदर्शक प्लास्टिक घाला, बाजू मोकळ्या ठेवा. काकडी, दोडकी पावसात जमिनीवरच बऱ्या. त्यांच्यासाठी स्टँड अडवू नये. शंखगोगलगायी पाय चढून वर येतातच, रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. नोव्हेंबरपासून मात्र या बॅगेचे चीज होते: तांबडी भाजी महिन्याभरात, मुळा दीड महिन्यात. एप्रिल-मेमध्ये बाजूंनीही माती सुकते, म्हणून वर सुक्या पानांचा थर आणि दोन वेळा पाणी. म्हाताऱ्या हातांना दहा लिटरची झारी जड होते, पाच लिटरची ठेवा.

आमचा कौल: पाचपैकी साडेतीन. घरात मूल आणि वडीलधारे दोघेही असतील तर एक मोठा संच घेण्यापेक्षा अर्ध्या लांबीचे दोन घ्या, एक 80 सेंमीवर, दुसरा चिऱ्यांवर.