फोर्ट वाइल्डरनेस कॅम्पग्राउंड: तंबू, बाबा आणि उखडलेली आगगाडी

आधीच सांगते, आम्ही फोर्ट वाइल्डरनेसला जंगलाच्या ओढीने वगैरे गेलो नव्हतो. फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं, आवारातच राहायचं, माणसं चार, आणि हॉटेलच्या खोल्यांचे दर बघून नवऱ्याने लॅपटॉप मिटून ठेवलेला. त्याच आवारात तंबू ठोकायलाही जागा मिळते असं कळलं आणि प्रश्न सुटला. म्हणजे आमचा सुटला. बरोबर नऊ वर्षांचा मुलगा होता, तो खूश. आणि भारतातून तीन महिन्यांसाठी आलेले माझे बाबा, वय ७४. ते म्हणाले, "एवढं विमानाने आणलंस ते तंबूत झोपवायला?"

जानेवारी महिना होता. फ्लोरिडा म्हणजे कायम उकाडा असं समजून जाऊ नका, रात्री चांगलीच थंडी पडते. बाबांची कानटोपी आणि सोलापुरी चादर दोन्ही कामी आली.

जागेबद्दल थोडक्यात. हे कॅम्पग्राउंड १९७१ साली, म्हणजे डिस्ने वर्ल्ड उघडलं त्याच वर्षी सुरू झालं. ७०० एकरांच्या वर पसारा आहे. पाइनची झाडं, मधेमधे सायप्रस, फांद्यांवरून जटांसारखी लोंबणारी करडी, शेवाळासारखी दिसणारी वनस्पती. प्रत्येक जागेला वीज, पाण्याचा नळ, लाकडी टेबल-बाक आणि कोळशाची शेगडी. न्हाणीघरं थोड्या अंतरावर, पण स्वच्छ आणि गरम पाण्याची. रात्री खवल्यांचं चिलखत घातलेला एक आर्मडिलो आमच्या तंबूच्या दोरीपाशी बराच वेळ माती उकरत बसला होता. मुलाच्या मते सगळ्या सहलीत पैसे वसूल झाले ते तिथेच.

आत तुमची मोटार तुमच्या जागेपर्यंत न्यायची आणि तिथेच ठेवायची. पुढे फिरायचं ते आतल्या बसने, सायकलने, भाड्याच्या गोल्फ कार्टने किंवा पायी. गोल्फ कार्ट मागायला आम्ही आयत्या वेळी गेलो आणि अर्थातच मिळाली नाही. चूक आमचीच, ती बरीच आधी सांगून ठेवायची असते. पण मिळाली असती तर हे पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा नेहमीप्रमाणे फिरायला गेले. अर्ध्या तासाचं सांगून दीड तासाने आले. बूट ओले, पँटच्या कडांना गवताच्या काड्या चिकटलेल्या. मी रागवायच्या बेतात होते, तर म्हणाले, "इथे गाडी होती."

"कुठली गाडी?"

"आगगाडी गं. नॅरोगेज."

इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. ते रेल्वेत होते, परमनंट वे मध्ये, म्हणजे रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके), खडी, भराव ह्या खात्यात, ३४ वर्षं. त्यातली बरीचशी कुर्डुवाडीला. माझं लहानपण बार्शी लाइट ह्या छोट्या आगगाडीच्या शिट्ट्या ऐकण्यात गेलं. ती लाइन अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. पुढे तिचं ब्रॉडगेज झालं तेव्हा बाबा निवृत्त झाले होते, तरी दोन दिवस धड जेवले नव्हते. तेव्हा असा माणूस 'गाडी होती' म्हणतो म्हटल्यावर मी फोन काढला.

आणि होतीच की! फोर्ट वाइल्डरनेस रेलरोड. १९७३ साली सुरू, १९८० साली बंद. चार छोटी वाफेची इंजिनं, कॅम्पग्राउंडभर फिरणारा साडेतीन मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरचा मार्ग, आणि गेज किती? अडीच फूट. मी वाचून दाखवलं तर बाबा चहा फुंकत म्हणाले, "ते मी मोजून आलोय."

कसं मोजलं, ते मी नंतर पाहिलं. नाश्ता झाल्यावर आम्ही चौघं निघालो. सेटलमेंट नावाचा भाग आहे, तळ्याच्या बाजूला, जिथून मॅजिक किंगडम ह्या डिस्नेच्या मुख्य उद्यानाला जायची बोट सुटते. त्या बाजूच्या झाडीत एक पायवाट कालव्याला धरून जाते. मला ती साधी पायवाट दिसत होती. बाबांनी थांबवून दाखवलं. "रस्ता असता तर ह्या मोठ्या झाडाला वळसा घालून गेला असता. हा वळसा घालत नाही. आणि पुढचं वळण बघ, किती लांबून घेतलंय. माणसाला एवढं लांब वळण लागत नाही, गाडीला लागतं." मग खाली बघायला लावलं. वाट दोन्ही बाजूंच्या जमिनीपेक्षा हातभर उंच होती, दोन्हीकडे उतरती. भराव. एकदा तो दिसला की मग दिसतच राहतो. डोळ्यांना कुणीतरी चष्मा लावल्यासारखं होतं.

आणि मातीत स्लीपर. पहिला सापडला तो अर्धा गाडलेला, वर पाइनच्या सुया आणि वाळू. मुलाने बुटाने वाळू बाजूला सारली तर आणखी एक, मग आणखी एक. लाकूड राखाडी, उभं चिरलेलं, चिरांमध्ये मुंग्या. एका बऱ्या स्लीपरवर खिळ्यांची भोकं शाबूत होती, दोन्ही टोकांकडे जोडीजोडीने. बाबा मांडी घालून खालीच बसले आणि आतल्या भोकापासून आतल्या भोकापर्यंत वीत टाकत गेले. तीन विती आणि वर चार बोटं. "झाले अडीच फूट," म्हणून हात झटकले. जावईबापू इंजिनियर. ते म्हणाले, "रूळ आणि खिळा ह्यांतलं अंतर धरायला हवं ना?" बाबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवताना भेटायची.

तर आता मुद्द्याचं, म्हणजे हे बघायला जावं का आणि कुणी. इथे भग्न स्टेशन, गंजलेलं इंजिन, वेली चढलेले डबे असलं चित्र डोक्यात घेऊन जाऊ नका, घोर निराशा होईल. रूळ केव्हाच उचलून नेलेत. चारही इंजिनं भंगारात न जाता टिकून राहिली, पण ती इथे नाहीत. काही डबे डिस्नेच्याच प्लेझर आयलंड नावाच्या करमणुकीच्या भागात तिकीटखिडकी म्हणून उभे केले होते, असं वाचलं. बाबांना ते अजिबात आवडलं नाही. "डब्याची तिकीटखिडकी? म्हणजे म्हाताऱ्या बैलाला गोठ्याचं दार करायचं." ही म्हण त्यांनी तिथल्या तिथे बनवली असावी, मी आधी कधी ऐकली नव्हती.

म्हणजे उरलंय काय, तर आकार. भराव, वळणं, कुठे स्लीपर, कुठे पाण्यावरून जाणाऱ्या लाकडी पुलाच्या खुणा. आतल्या कालव्यांमुळे ह्या लाइनला पाणी ओलांडावंच लागत होतं. ज्याला चालत चालत अंदाज बांधायला आवडतं त्याच्यासाठी ही मेजवानी आहे. ज्याला फोटो हवेत त्याने बोटीच्या धक्क्यावरच थांबावं.

लाइन सात वर्षांत का बंद पडली ह्याची कारणं बरीच सांगतात. इंजिनं टँक जातीची, म्हणजे मागे पाणी-इंधनाचा वेगळा डबा (टेंडर) नाही, पाणी इंजिनाच्या अंगावरच्याच टाकीत, त्यामुळे ते थोडं आणि लवकर संपणारं. तंबूत झोपलेल्यांच्या उशाशी वाफेचं इंजिन जाणार म्हणजे आवाज. जागोजागी रस्ते ओलांडायचे आणि आजूबाजूला सायकलवरची पोरं. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचं निदान सांगितलं. त्यांनी काठीने भरावाच्या कडेला टोकरलं, वाळू सरसर खाली आली. "खडी कुठंय? दिसत नाही. जमीन वाळूची, खाली हातभरावर पाणी, वर लाकडी स्लीपर. इथे निचरा नीट नसेल तर लाइन सांभाळणाऱ्या गँगला स्लीपरखाली भर ठोकायचं, पॅकिंगचं, काम रोजचंच. गाडी चालवणं स्वस्त असतं, बाई, लाइन सांभाळणं महाग." खडी नंतर काढून नेली असेल, असं मी म्हणून पाहिलं. "असेल," म्हणाले, पण पटलेलं नव्हतं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मॅजिक किंगडममध्ये आजही वाफेची गाडी चालते. तिची चारही इंजिनं मेक्सिकोतल्या युकातानमधून आणलेली, मूळची बाल्डविन ह्या अमेरिकन कारखान्याची, १९१६ ते १९२८ ह्या काळात बनलेली, खरीखुरी नोकरी केलेली. तिचा फेरा दीड मैलाचा. आणि इथे झाडीत जी मेली ती तिच्या दुपटीहून लांब होती. आम्ही तिसऱ्या दिवशी त्या चालू गाडीत बसलो. बाबांनी एक फेरी केली, इंजिनाला दुरून नमस्कार केला, ड्रायव्हरला हात केला, आणि उतरून विचारलं, "परतीची बोट किती वाजता आहे?"

काही सूचना, अनुभवाच्या. सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असताना भरावाची सावली पडते आणि आकार उठून दिसतो, दुपारी सगळं सपाट वाटतं. बंद बूट घाला, मी पहिल्या दिवशी सँडल घालून गेले आणि वाळूतल्या बारीक काट्यांनी पाय भरले. पाण्याच्या कडेला मगरींबद्दल पाट्या आहेत, त्या शोभेच्या नाहीत, फ्लोरिडातलं कुठलंही गोडं पाणी म्हणजे तिचं घर समजायचं. पायवाट सोडून झुडपात शिरायचा मोह होतो, कारण भराव कधीकधी सरळ झुडपातच जातो. आम्ही तिथे थांबलो. पुढे तो कुठे निघत असेल ह्याचा अंदाज बाबा बांधायचे आणि आम्ही रस्त्याने वळसा घालून तिथे जायचो. पाचपैकी तीन वेळा बरोबर. नाही म्हटलं तरी एका वेळी आम्ही कुणाच्यातरी कॅम्परच्या, म्हणजे राहायच्या गाडीच्या, मागे, त्यांच्या वाळत घातलेल्या टॉवेलांपाशी निघालो आणि माफी मागून परतलो.

तळ्याकाठी रिव्हर कंट्री नावाचं जुनं जलक्रीडा उद्यान होतं, १९७६ ते २००१. त्या बाजूला आता नवीन बांधकामाचं कुंपण आहे, तेव्हा तिकडे काही शोधायला जाऊ नका. पायोनियर हॉल मात्र बघाच. लाकडी ओंडक्यांची ती इमारत १९७४ची, म्हणजे गाडीच्या ऐन उमेदीतली, आणि अजून जोरात चालू आहे. रात्री तिथे जेवण आणि गाण्यांचा धांगडधिंगा असतो. आम्ही गेलो नाही, बाबा साडेआठला झोपतात.

मुलाला एका स्लीपरशेजारी वाळूत एक गंजका खिळा सापडला. बोटभर लांब, डोकं एका बाजूला झुकलेलं. तो गाडीचाच होता की कुंपणाचा, ह्यावर जावईबापू आणि बाबांचा पुन्हा वाद झाला. मुलाने तो खिशात टाकला. बाबांनी हात पुढे केला. "ठेव तिथे. रेल्वेची वस्तू घरी न्यायची नाही." ४० वर्षांहून जास्त काळ बंद असलेल्या, दुसऱ्या देशातल्या, करमणुकीच्या रेल्वेची वस्तू. मुलाने माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे. खिळा जागेवर ठेवला गेला आणि आजोबांनी पायाने वर वाळूही लोटली.

तंबूच्या जागेला माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो थंडीने आखडलेल्या माझ्या कमरेसाठी, त्यांचा काही दोष नाही. उखडलेल्या लाइनला पाचपैकी पाच, आणि तिचे वेगळे पैसेही पडत नाहीत. पुन्हा गेलो तर सेटलमेंटच्या जवळची जागा घेऊ, गोल्फ कार्ट मुद्दाम घेणार नाही, आणि नवऱ्याने मोजपट्टी आत्ताच बॅगेत टाकून ठेवली आहे. सासऱ्यांच्या विती त्याला अजून मान्य नाहीत.