सोलरवाली साप पळवणारी काठी: घेऊ नका

घर गावाबाहेर, मागे झाडी, त्यामुळे साप दिसणं नवीन नाही. तरी पोरांच्या काळजीने ही सोलर काठी मागवली, ४ नग. जमिनीत रोवायची, दर अर्ध्या मिनिटाला घूं घूं करते. बॅटरी टिकते, पावसातही चालली, तिथे तक्रार नाही. पण दीड महिन्याने एका काठीपासून हातभर अंतरावर आख्खी कात पडलेली 😅 आता बोला!

मग जरा वाचलं. सापाला बाहेरचे कान नसतात पण तो बहिरा नाही, जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जाते आणि हवेतले खालचे आवाज पण कळतात, साधारण ८० ते ६०० हर्ट्झचे. म्हणजे अशा काठ्यांच्या जाहिरातीत सांगतात तो अल्ट्रासॉनिक आवाज (२०,००० हर्ट्झच्या वरचा, माणसालाही न ऐकू येणारा) त्याला ऐकूच येत नाही, आणि थरथरीचं म्हणाल तर रोज तीच असली की सवय होणारच ना.

खरा फरक पडला तो उंदीर कमी झाल्यावर. लाकडाचा ढीग भिंतीपासून लांब नेला, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावली, रात्री टॉर्चशिवाय अंगणात पाय नाही. साप अजून दिसतो, आम्ही लांब उभं राहतो, तो जातो. घरात शिरला तर मात्र सर्पमित्रालाच बोलवायचं, काठी घेऊन मागे लागू नका, बरेच जण तिथेच चावून घेतात.

१ स्टार, तोही बॅटरीला.