ऑडॅसिटी: घरच्या घरी ऑडिओ गोष्ट करायची असेल तर हेच घ्या

नुसतं वाचन नाही, म्युझिक, पाऊस, पावलांचे आवाज वगैरे सगळं टाकून गोष्ट करायची असेल तर माझं सरळ मत आहे, महागड्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर टाका आणि कामाला लागा. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, २००० सालापासून लोक वापरतायत, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. फोनवर मात्र नाही, लॅपटॉप लागतोच.

आम्ही ठाण्यात घरीच हे करतो. माझी आत्या चेंदणी कोळीवाड्यातली, तिच्याकडे खाडीच्या एकेक गोष्टी आहेत आणि सांगते पण अशी की ऐकणारा हलत नाही. तिचा आवाज रेकॉर्ड करायचा, खाली पाणी, वल्हं, थोडी बासरी, एवढंच आमचं काम.

आधी रेकॉर्डिंगचं बोलते. स्टेशनच्या आसपास घर असेल तर शांतता मिळणं कठीण, रिक्षा, लोकल, सोसायटीचा पंप काही ना काही चालूच, म्हणून कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसायचं, कपडे आवाज शोषतात आणि खोली घुमत नाही. माईक तोंडापासून साधारण वीतभर लांब आणि जरा तिरका, नाहीतर फ, भ, प आले की फट फट वाजतं. आणि बोलायच्या आधी पाच-सात सेकंद गप्प बसून तसंच रेकॉर्ड करा, हे फार महत्त्वाचं, कारण नॉइज रिडक्शनला, म्हणजे मागची घरघर काढणाऱ्या इफेक्टला, आधी तो नुसत्या खोलीचा आवाज दाखवावा लागतो, मग तो बाकीच्यातून काढतो. पंख्याची घरघर, लॅपटॉपची गुणगुण असले सलग आवाज मस्त जातात, हॉर्न किंवा कुत्र्याचं भुंकणं जात नाही, तिथे ते वाक्य परत घ्यायचं. जास्त ताणलंत तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटतं, थोडी घरघर राहिली तरी चालेल, खाली म्युझिक येणारच आहे. हा इफेक्ट मूळ आवाजातच बसतो, म्हणून आधी ट्रॅकची एक कॉपी ठेवा. बाकी बरेच इफेक्ट ३.२ व्हर्जनपासून म्हणजे २०२२ पासून रिअल टाइम लावता येतात, ऐकत ऐकत कमीजास्त करा, मूळ आवाज तसाच राहतो, ही सोय आल्यापासून काम खूपच सोपं झालंय.

आता खरी गंमत, म्युझिक आवाजाखाली बसवणं. यासाठी ऑटो डक नावाचा इफेक्ट आहे, म्युझिकचा ट्रॅक वर ठेवायचा, बोलण्याचा त्याच्या लगेच खाली, वरचा सिलेक्ट करून चालवला की जिथे बोलणं तिथे म्युझिक आपोआप खाली जातं. बातम्या, मुलाखत यासाठी उत्तम. गोष्टीला मी वापरत नाही. कारण सेटिंग जसंच्या तसं ठेवलं तर बोलणं सेकंदाहून जास्त थांबलं की म्युझिक परत वर येतं, आणि आत्या तर थांबतेच, "होडी रिकामीच होती..." म्हणून ती गप्प बसते तेव्हा ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, तिथे बासरी वर आली की सगळं गेलं! ती सेकंदाची मर्यादा वाढवता येते, पण कुठला पॉज भरायचा आणि कुठला रिकामा सोडायचा हे मशीनला कसं कळणार? म्हणून जागोजागी आवाज हाताने कमीजास्त करायचं एनव्हलप टूल घ्या, एफ२ दाबा, ट्रॅकवर क्लिक करून बिंदू टाका आणि वरखाली ओढा. वेळ लागतो पण प्रत्येक वळण तुमच्या हातात असतं. मी तर अशा जागी म्युझिक पूर्ण बंद करते, फक्त पाणी ठेवते.

ते पाणी मासुंदा तलावावर पहाटे फोनवर रेकॉर्ड केलंय, नंतर तिथे ट्रॅफिक सुरू होतो. वल्ह्याचा आवाज बादलीभर पाण्यात लाकडी डाव फिरवून, आणि मग स्पीड थोडा कमी केला की तोच आवाज जड होतो, मोठं वल्हं वाटतं. विजा, वारा असलं घरी जमत नाही ते फ्रीसाउंड साइटवर मिळतं, पण प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं, काहींना नाव द्यावं लागतं, काही कमाईसाठी चालत नाहीत, ते आधी बघून घ्या.

दिसायला जरा जुनाट आहे, पहिल्यांदा बटणं शोधावी लागतात. जागाही खातं, नेहमीच्या सेटिंगला मोनो (एकाच चॅनलचा) आवाज मिनिटाला साधारण १० एमबी, स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा) दुप्पट, त्यामुळे डिस्कवर जागा मोकळी ठेवा. पण ३.० पासून सगळा प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये राहतो, पेनड्राइव्हवर टाकून दुसरीकडे नेता येतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये, म्हणजे एकूण आवाजाची पातळी ठरवणाऱ्या इफेक्टमध्ये, स्टिरिओ असेल तर उणे १६ LUFS (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवा, म्हणजे लोकलमध्ये ऐकणाऱ्याला आवाज सारखा वाढवायला लागणार नाही. आणि एमपीथ्री काढल्यावर एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका, हेडफोनमध्ये छान वाटणारी खाडीची हलकी गाज तिथे ऐकूच येत नाही, तेवढी जरा वाढवून परत काढा.