पुस्तक परीक्षणाची तयार फाइल: पहिलं पान सोडलं तर हाती काही लागत नाही

सेमिस्टर संपत आलं की नागपुरात बर्डी-महाल भागातल्या काही झेरॉक्सच्या दुकानांत इतिहासाच्या पुस्तक परीक्षणाची तयार फाइल मिळते. ही वीस पानांची, स्पायरल बायंडिंगची. विषय नागपूरकर भोसले.

पहिलं पान चांगलं आहे. लेखक, प्रकाशक, ठिकाण, वर्ष, आवृत्ती, पृष्ठसंख्या हे सगळं क्रमाने आलंय. पण वर्ष पुनर्मुद्रणाचं आहे, पहिल्या आवृत्तीचं नाही. इतिहासाच्या पुस्तकाला हे चालत नाही, कारण लेखकाच्या हाती तेव्हा कोणती साधनं होती याचा अंदाज पहिल्या आवृत्तीवरूनच येतो.

पुढची चौदा पानं नुसता प्रकरणवार सारांश. परीक्षण १,५०० शब्दांचं असेल तर सारांशाला ३०० ते ४०० शब्द पुरेत, आणि त्यात प्रकरणं मोजायची नसतात, लेखकाचं प्रतिपादन सांगायचं असतं. ते दोन वाक्यांत मांडता येत नसेल तर प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण पुन्हा वाचा. मूल्यमापनाच्या नावाखाली मात्र ‘भाषा सोपी व ओघवती असून पुस्तक संग्राह्य आहे’ असली वाक्यं आहेत. ती कोणत्याही पुस्तकाखाली बसतात, म्हणून त्यांना गुण मिळत नाहीत.

सगळ्यात वाईट वाक्य असं: ‘लेखकाने १८५४ मध्ये विदर्भ खालसा झाल्याची सविस्तर माहिती दिली आहे.’ १८५४ मध्ये खालसा झालं ते नागपूरचं राज्य. वऱ्हाड निजामाचं होतं. १८५३ च्या तहाने त्याने ते इंग्रजांच्या ताब्यात दिलं. हे दोन वेगळे व्यवहार आहेत, त्यांचे कागदही वेगळे. आणि ‘माहिती दिली आहे’ म्हटल्याने परीक्षण होत नाही. तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले. औरस मुलगा नव्हता, हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. मग राणीला मागाहून दत्तक घेण्याचा हक्क होता की नाही? गव्हर्नर जनरल डलहौसीने तो मानला नाही. भोसल्यांच्या बाजूने रिवाजाचा आधार दिला गेला. वादाचं मूळ इथे आहे, आणि लेखक तो कोणत्या कागदांवरून सोडवतो हेच बघायचं.

त्यासाठी त्या प्रकरणाच्या तळटीपा मोजा. ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहाराच्या किती, मोडी कागदांच्या किती, दुसऱ्या पुस्तकांवरून उचललेल्या किती. समजा ४० पैकी ३४ कंपनीच्या निघाल्या, तर असं लिहिता येतं: ‘लेखकाची भिस्त कंपनीच्या पत्रव्यवहारावर आहे, त्यामुळे दत्तक नाकारण्याची कारणं तपशिलात येतात, पण दत्तक मागणाऱ्यांची बाजू दोन ओळींत आटोपते.’ पुढे पानाचा क्रमांक. असं एक वाक्य चौदा पानांच्या सारांशापेक्षा जास्त वजनाचं आहे.

साधनांची वर्गवारीही फाइलने चुकवलीय. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, जेंकिन्स याचा १८२७ चा अहवाल सरसकट ‘प्राथमिक साधन’, म्हणजे त्या काळातलाच कागद, ठरवलाय. १८१८ नंतर राज्याचा कारभार त्याच्याच हाती होता, त्या वर्षांसाठी तो प्राथमिक आहेच. पहिल्या रघुजींच्या काळासाठी मात्र तो बऱ्याच मागाहून लिहिलेला, ऐकीव आणि वाचीव माहितीवरचा मजकूर. एकच कागद कोणत्या प्रश्नाला वापरला यावर त्याची किंमत बदलते, हे ज्या परीक्षणात दिसतं ते शिक्षक थांबून वाचतात.

पुस्तकात छायाचित्रं नाहीत, कोष्टी समाजाबद्दल काही नाही, अशीही तक्रार फाइलमध्ये आहे. पुस्तक राज्यकारभारावर असेल तर ही तक्रार लेखकावर अन्याय करणारी आहे. त्याने प्रस्तावनेत काय करायचं ठरवलं होतं, ते कितपत जमलं, यावर बोलावं. उणीव दाखवायचीच तर त्याच विषयावरचं दुसरं एक पुस्तक शेजारी ठेवून दाखवावी.

आणखी एक अडचण व्यवहाराची. फाइलमधले पानांचे क्रमांक एका आवृत्तीचे, कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रत दुसऱ्या आवृत्तीची. तोंडी परीक्षेत ‘हे कुठे आहे, काढून दाखवा’ म्हटलं की पान सापडत नाही. त्यात एकाच वर्गात तीन-चार जणांनी हीच फाइल दिली तर वाक्यं जुळतात आणि सगळ्यांचेच गुण कापले जातात.

पुस्तकाच्या नोंदीचा नमुना हवा असेल तर दुकानदाराला पहिल्या पानाचीच झेरॉक्स मागा.