सामन्यांच्या आठवणी: तिकिटं जपावीत की वही लिहावी?

संघामागून गावोगाव फिरणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, "तिकिटं साठवू की वही लिहू?" मी दोन्ही केलंय, म्हणून सांगते.

टिकाऊपणात वही सरळ पुढे. बरीच तिकिटं थर्मल कागदावर छापतात. त्यात शाई नसतेच, उष्णतेने कागदावरचा रासायनिक थर काळा होतो. ऊन, उकाडा आणि पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटातली रसायनं यांनी ती अक्षरं उडून जातात. माझ्या सगळ्यात लाडक्या सामन्याचं तिकीट आज कोरं आहे, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. शिवाय हल्ली तिकीट बरेचदा मोबाइलवरच येतं. कतारमधल्या २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात तसंच होतं. मग जपायला हातात काय उरतं?

मेहनत तिकिटाला जवळपास नाहीच. वहीला मात्र त्याच रात्री, परतीच्या गाडीत, दहा मिनिटं द्यावी लागतात. दोन दिवस गेले की स्वतः पाहिलेलं आणि नंतर पाहिलेले रिप्ले यांची सरमिसळ होते.

वहीत धावफलक उतरवू नकोस, तो केव्हाही सापडतो. कुठल्या स्टँडमध्ये बसलीस, सोबत कोण होतं, पाऊस थांबून कव्हर्स निघाली तेव्हा मैदान कसं गर्जलं, ते लिही. हे दुसरीकडे कुठेच नोंदलेलं नसतं.

वर्षाला एखाद-दुसरा सामना आणि भिंतीवर फ्रेम लावायची हौस असेल तर तिकीट, पण त्याच आठवड्यात स्कॅन करून. दौऱ्यामागून दौरे करणारीने वहीच घ्यावी.